बर्फ, मीठ आणि गाडीचा रंग: कॅनडातल्या हिवाळ्यासाठी सीलंट कसं निवडायचं

टोरांटोच्या आसपास नोव्हेंबर संपत आला की रस्त्यांवर पांढऱ्या समांतर रेघा दिसायला लागतात. बर्फ पडायच्या आधीच ट्रकमधून मिठाचं पाणी सोडलेलं असतं, ते वाळून या रेघा उरतात. त्या पाण्यात साधारण २३ टक्के मीठ असतं. बर्फ पडला की वरून जाड्या मिठाचा मारा होतो. पारा उणे दहाच्या खाली उतरला की साधं मीठ मंदावतं, मग जोडीला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड येतं. मीठ रस्त्यावरून उडून जाऊ नये म्हणून काही शहरं त्यात बिटाचा रसही मिसळतात. जे रस्त्याला चिकटतं ते गाडीलाही चिकटतंच, आणि ते थेट मार्चअखेरपर्यंत.

या रेघा दिसायच्या आत सीलंट, म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचा पातळ संरक्षक थर, लावून झालं असेल तर उत्तम. नसेल, तर पर्याय कमी होत जातात. म्हणून सीलंटची निवड ऑक्टोबरातच करायची गोष्ट आहे. हे लिहिताना डोळ्यांसमोर ओंटारिओ आणि क्वेबेक आहे, पण सरोवरापलीकडे बफेलो, डेट्रॉइट, शिकागो इथल्या मंडळींनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

पुण्या-मुंबईत गाडीच्या रंगाला त्रास उन्हाचा, धुळीचा आणि बोअरच्या पाण्याच्या डागांचा. तिथे शोरूमवाला ‘टेफ्लॉन कोटिंग’ गळ्यात मारतो तेव्हा आपण चकाकी बघून भुलतो. इथे डिसेंबर ते मार्च गाडीचा मूळ रंगच दिसत नाही, तर चकाकी कुठून दिसणार? काळी, लाल, निळी, सगळ्या गाड्या एकाच राखाडी रंगाच्या होतात. त्यामुळे इथे कसोटी वेगळी लावायची: हात न लावता, नुसत्या जोराच्या पाण्याने मिठाचा थर किती निघतो?

सीलंटकडून काय अपेक्षा ठेवायची

गाडीच्या पत्र्यावरचा सगळा रंग, प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअरकोटपर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. त्यातला क्लिअरकोट ४०-५० मायक्रॉनचा. सीलंटचा थर एक मायक्रॉनही भरत नाही. एवढासा थर हायवे ४०१ वर पुढच्या ट्रकने उडवलेला खडा अडवेल, हे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

धडधाकट क्लिअरकोटला मीठ सहसा खात नाही. खड्याने रंगाचा टवका उडून पत्रा उघडा पडतो, तिथून गंज सुरू होतो. आणि त्याहून जास्त गंज चढतो तो खाली, नजरेआड: सांध्यांत, दारांच्या खालच्या कडांत, ब्रेकच्या नळ्यांवर. सीलंट तिथे पोहोचतच नाही. मग ते लावायचं कशाला? तर चिखल-मीठ रंगाला घट्ट धरू नये म्हणून. ते सैल बसलं की धुताना घासावं लागत नाही, आणि घासावं लागलं नाही की ओरखडे उठत नाहीत. हिवाळ्यात रंगाची खरी नासाडी अशा घासण्यानेच होते. मिठाचे कण आणि बारीक वाळू फडक्याखाली आली की तो फडका राहत नाही, पॉलिशपेपर होतो.

आधी ठरवा: लावणार कुठे, धुणार कोण

बहुतेक लोक दुकानात जाऊन बाटल्यांवरचे ‘६ महिने’, ‘१२ महिने’ हे आकडे वाचतात आणि मोठा आकडा उचलतात. ते आकडे तुमच्या गाडीचे नसतात. त्याऐवजी दोन गोष्टी विचारात घ्या.

पहिली म्हणजे जागा. बहुतेक सीलंटना साधारण १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमान लागतं, आणि तेही हवेचं नव्हे, पत्र्याचं. रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा दुपारच्या हवेपेक्षा बराच थंड असू शकतो. त्याशिवाय लावल्यानंतर काही तास, काहींना अख्खी रात्र, पाण्याचा थेंबही चालत नाही. घराला बंद गराज असेल तर प्रश्न मिटला. उघड्या ड्राइव्हवेत उभी राहणारी गाडी असेल तर ऑक्टोबरातल्या कोरड्या शनिवार-रविवारी हात चालवायचा. अपार्टमेंटच्या तळघरातलं पार्किंग उबदार असतं, पण गाडी धुवायला बहुतेक इमारतींत मनाई असते. नियम वाचूनच बादली खाली न्या, नाहीतर व्यवस्थापनाची चिठ्ठी ठरलेली.

दुसरी गोष्ट, हिवाळाभर गाडी कशाने धुतली जाणार. पेट्रोल पंपावरच्या टचलेस वॉशमध्ये ब्रश लागत नाहीत हे खरं, पण घासण्याचं काम तिथे रसायनाकडून करून घेतात. बऱ्याच ठिकाणी आधी आम्लधर्मी फवारा आणि मग जोरदार अल्कधर्मी फवारा असा दुहेरी मारा असतो. नुसतं कार्नोबा वॅक्स, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासूनचं नैसर्गिक मेण, त्यापुढे फार टिकत नाही. दर आठवड्याला टचलेसमधून गाडी काढणार असाल तर सिंथेटिक सीलंटच हवं. घरच्या गराजमध्ये सौम्य शाम्पूने धुणार असाल तर कशानेही निभावेल.

प्रकार, आणि माझं मत

कार्नोबा वॅक्स गडद रंगावर सुरेख दिसतं. ते उन्हाळ्यासाठी ठेवा.

हिवाळ्यासाठी माझी पसंती पेस्ट किंवा घट्ट द्रवरूपातल्या सीलंटला, फिनिश केअरचं एफके १०००पी किंवा कॉलिनाइट ८४५ यांच्या जातीच्या. पहिलं सिंथेटिक पेस्ट, दुसरं कार्नोबा आणि सिंथेटिकचं मिश्रण. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाची ही कॉलिनाइट कंपनी, म्हणजे बर्फाच्याच मुलखातली. ८४५ मुळात विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरांसाठी बनवलं गेलं, गाड्यांवर ते नंतर आलं. दोन्हीत दिखाऊ काही नाही, पण एक बाटली किंवा डबा वर्षानुवर्षं पुरतो. ८४५ ची एक खोड आहे: थंडीत ते बाटलीत गोठल्यासारखं घट्ट होतं आणि बाहेर येत नाही. बाटली दहा मिनिटं कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करायची आणि चांगली हलवायची. खराब झालं म्हणून फेकू नका. मेन्झर्ना पॉवर लॉकसारखी शुद्ध पॉलिमर सीलंटही याच पंक्तीतली. लावायला ती सोपी, पण पूर्ण बसायला वेळ मागतात.

त्यानंतर सिलिका असलेले स्प्रे, ज्यांच्या बाटलीवर ‘सिरॅमिक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. यात दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. एक, कोरड्या किंवा ओलसर गाडीवर मारून फडक्याने पुसायचे. दुसरी, ओल्या गाडीवर मारून लगेच जोराच्या पाण्याने धुऊन टाकायचे. दुसऱ्या जातीला पाण्याचा जोर लागतोच. पाणी कमी पडलं तर पट्टे उमटतात आणि ते काढता काढता नाकी नऊ येतात. इथे बहुतेक घरांचा बाहेरचा नळ थंडीत फुटू नये म्हणून नोव्हेंबरातच आतून बंद करतात. तेव्हा हा स्प्रे लावायचा तर नळ चालू असेपर्यंतच. एकट्याने पाच महिने काढायची ताकद या स्प्रेंत नाही असं माझं मत. पण पेस्ट सीलंटवर मधूनमधून वरचा हात म्हणून ते झकास.

उरलं खरं सिरॅमिक कोटिंग, बारक्या कुपीतून येणारं. ते सगळ्यात टिकाऊ आणि अल्कधर्मी साबणालाही दाद न देणारं. पण त्याआधी रंग पॉलिश करावा लागतो, लावल्यावर निदान एक दिवस पूर्ण कोरडं ठेवावं लागतं, आणि पुढचा आठवडाभर साबण लावायचा नसतो. करायचंच तर सप्टेंबरात करा, किंवा उबदार वर्कशॉप असलेल्याकडून करून घ्या. जाहिरातीतल्या ‘९एच’ला भुलू नका. ते माप पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचं आहे, दगडाला दाद न देण्याचं नाही. लीजवर घेतलेल्या गाडीवर हा खर्च मी तरी करणार नाही.

तयारी

दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ घालतोच आपण. तोच मुहूर्त धरा, हवा अजून सोसवणारी असते. फक्त क्रम लक्षात ठेवा: पूजा आधी, सीलंट नंतर. ताज्या सीलंटवर ओलं कुंकू नको.

आधी गाडी चांगल्या शाम्पूने धुवा, वॅक्स मिसळलेल्या शाम्पूने नव्हे. मग रंगावरून हात फिरवा, पण साध्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला, तर त्यात ब्रेकच्या लोखंडाची बारीक भुकटी आणि डांबर रुतलेलं आहे. या थरावर लावलेलं सीलंट रंगाला धरत नाही, मळालाच धरतं. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर फवारा. काही मिनिटांत पांढऱ्या गाडीवर जांभळे ओघळ दिसतात, विशेषतः मागच्या भागावर आणि चाकांवर. वाळू न देता धुऊन टाका. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. एवढ्यावरही खरखर उरली तरच क्ले बार, म्हणजे रुतलेला मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी, घ्या, भरपूर ओलावा ठेवून, दाब न देता.

पॉलिश करायचं का? बारीक जाळीदार ओरखडे घालवायचा मोह होतो, पण ऑक्टोबरात नको. येत्या हिवाळ्यात चार नवे ओरखडे उठणारच आहेत आणि क्लिअरकोट काही परत उगवत नाही. ते काम मेमध्ये. आत्ता फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून किंवा तयार पॅनेल वाइप घेऊन पत्रा पुसा, म्हणजे आधीच्या वॅक्सचा तेलकटपणा जाईल. कॉलिनाइटसारख्याला हे पुसणं फार महत्त्वाचं नाही, पॉलिमर आणि सिरॅमिकला मात्र आवश्यक.

लावताना

बाहेरची थंडगार गाडी उबदार गराजमध्ये घेतली की पत्र्यावर दव धरतं, चष्म्यावर वाफ धरते तसंच. ते सहज दिसतही नाही, पण त्यावर सीलंट लावलं की सगळीकडे ढगाळ डाग पडतात. गाडी आदल्या रात्रीच आत घ्या. सकाळी कोरड्या मायक्रोफायबरने एकदा पुसून फडका तपासा. ओलसर लागला तर अजून थांबा.

थर जितका पातळ तितका चांगला. स्पंजाच्या पॅडवर ८४५ चे वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके एका दारासाठी बास होतात. पत्र्यावर पुसटशी ओल दिसली पाहिजे, मलईसारखा थर दिसता कामा नये. जाड लावल्याने टिकाऊपणा वाढत नाही, पुसायचे कष्ट तेवढे वाढतात. थोडं थांबून बोट फिरवा: बोटाखालून स्वच्छ चकचकीत पट्टा निघाला तर पुसायची वेळ झाली, ओघळ उठला तर नाही. थंडीत हे वाळणं लांबतं, म्हणून घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. एका फडक्याने मोठा भाग उतरवा, दुसऱ्या कोऱ्याने शेवटचा हात फिरवा.

दुसरा हात दुसऱ्या दिवशी. दोन थरांनी दुप्पट संरक्षण मिळतं असं नाही, पण पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरून निघतात, आणि सुटलेल्या जागा नेहमीच असतात. काळाच्या बाबतीत बाटलीवर लिहिलेलं पाळा. मोघम लिहिलं असेल तर रात्रभर पाणी लागू देऊ नका.

छत आणि बॉनेटवर अर्धा तास घालवून बाकीचं उरकू नका, खरी गरज खाली आहे. दारांचा खालचा तिसरा हिस्सा, चाकांच्या मागचा भाग, मागचा बंपर, डिकीचं दार, पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू आणि दार उघडल्यावर दिसणाऱ्या चौकटी, इथे हात राखू नका. हेडलाइटांवरही लावा. विंटर टायर बदलायला चाकं निघतील तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला पेस्ट सीलंटचे दोन हात द्या, एरवी तिथे हात पोहोचत नाही. पारा ७ अंशांखाली स्थिरावायला लागला की टायर बदलायचेच असतात. क्वेबेकात तर १ डिसेंबरपासून ते कायद्यानेच सक्तीचे आहेत. त्याच फेरीत हेही उरकून घ्या. चकचकीत नसलेल्या काळ्या प्लास्टिकला मात्र पेस्ट लागू देऊ नका, त्याचा पांढरा डाग लवकर जात नाही.

उशीर झाला असेल तर

डिसेंबर उजाडला आणि गाडी तशीच आहे. अशा वेळी कुडकुडत पेस्ट फासायला जाऊ नका, ती बसणार नाही. नाणी टाकून स्वतः धुवायचे गरम बे असतात, तिथे दुपारी जा, जोराच्या पाण्याने नीट धुवा, आणि पुसून काढायचा सिलिका स्प्रे गाडी तिथून हलवायच्या आत, एकेका भागावर मारत पुसून घ्या. मागे रांग असेल तर खालचा भाग आणि मागची बाजू आधी. बऱ्याच बेमध्ये स्वतःची बादली आणायला मनाई असते, स्प्रेच्या बाटलीला सहसा कुणी हरकत घेत नाही, तरी विचारून घेतलेलं बरं. हा थर काही आठवडे निभावतो. जानेवारीत अधूनमधून दोन-तीन दिवस पारा शून्याच्या वर येतो, तेव्हा पुन्हा एकदा.

आणि हो, पाण्यात बनवलेले स्प्रे थंड गराजमध्ये ठेवू नका. एकदा गोठून फुटलेलं मिश्रण पुन्हा नीट जमत नाही. बाटल्या घरात आणा, घरचे काहीही म्हणोत.

हिवाळाभर

मीठ वाळून पांढरं पडलं की बोटाने किंवा कोटाच्या बाहीने पुसायचा मोह टाळा. गाडीवरचा बर्फ काढायला केसांचा ब्रश न घेता फोमच्या डोक्याचा झाडू घ्या, आणि पत्र्यापर्यंत खरवडत न जाता शेवटचा पातळ थर तसाच सोडा, गाडी तापली की तो आपोआप घसरतो. ताज्या बर्फाखाली कालचं मीठ आणि वाळू असतेच.

धुण्याचा दिवस हवामान बघून ठरवा: शून्याच्या आसपास किंवा वर, आणि पुढे कोरडे दिवस. उणे पंधरात धुतलेल्या गाडीची दारं सकाळी उघडत नाहीत. धुऊन झाल्यावर चारही दारं आणि डिकी उघडून रबरं पुसा. रबरांवर हिवाळ्याच्या सुरुवातीलाच सिलिकॉनचा हात दिलेला असेल तर ती चिकटणार नाहीत. पेट्रोलचं किंवा चार्जिंगचं झाकण हमखास विसरलं जातं आणि नेमकं तेच गोठतं.

घरच्या गराजमध्ये पाण्याचा पाट न वाहवता धुवायचं तर ऑप्टिमम नो रिन्ससारखं रिन्सलेस, म्हणजे नंतर पाण्याने धुऊन काढावं न लागणारं, द्रव्य कामी येतं, २५६ भाग पाण्याला एक भाग. पण जाड मीठ आणि चिखल आधी कॉइन वॉशमध्ये पाण्याच्या जोराने उडवून या. त्या थरावर थेट स्पंज फिरवणं म्हणजे सीलंट लावायचे सगळे कष्ट पाण्यात.

सीलंट शिल्लक आहे की गेलं? पाण्याचे टपोरे थेंब उभे राहत नाहीत म्हणून लोक लगेच घाबरतात. बऱ्याचदा सीलंट शाबूत असतं, त्यावर मिठाची आणि तेलकट धुराची पुटं चढलेली असतात. एक दार शाम्पूने नीट धुऊन पुन्हा पाणी मारून बघा. थेंब परत आले तर काम चालू आहे. धुऊनही पाणी चादरीसारखं पसरून बसत असेल, तर वर स्प्रेचा एक हात द्यायची वेळ झाली. बॉनेटवर, काचेच्या खालच्या पट्ट्यात हे आधी होतं, कारण मिथेनॉलवालं वॉशर फ्लुइड रोज तिथेच ओघळतं.

खालच्या बाजूचं काय

सीलंटवर खर्च करून पोटाकडे दुर्लक्ष करणं हा उलटा हिशोब आहे. ओंटारिओत दर वर्षी हिवाळ्याआधी गाडीच्या तळाला आणि दारांच्या पोकळ्यांत तेलाचा फवारा मारून घेतात. क्राउन आणि रस्ट चेक ही त्यातली जुनी नावं. दोन-चार दिवस ड्राइव्हवेत तेल ठिबकतं, त्याखाली पुठ्ठा घाला. डांबरासारखा जाड काळा थर मारून घेऊ नका, तो कालांतराने तडकतो आणि तडकलेल्या जागी मिठाचं पाणी कोंडून राहतं. शोरूममध्ये नवी गाडी घेताना ‘इलेक्ट्रॉनिक रस्ट मॉड्यूल’ पुढे करतात. तसली विद्युत-पद्धत पाण्यात बुडालेल्या जहाजांना आणि जमिनीत गाडलेल्या नळांना लागू पडते, कारण तिथे सभोवतालचं पाणी किंवा माती विद्युतमंडल पूर्ण करते. हवेत फिरणाऱ्या गाडीभोवती तसं काहीच नसतं. नम्रपणे नाही म्हणा.

कॅल्शियम क्लोराइडवाल्या चिखलाने माखलेली गाडी रोज रात्री तापवलेल्या गराजमध्ये उभी राहत असेल, तर धुण्याची वारंवारता वाढवा. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पत्रा वाळू देत नाहीत, आणि उबेत गंज जोमाने चढतो. थंड गराज याबाबतीत गाडीला अधिक मानवतं.

खड्यांनी उडालेले टवके मात्र वसंतापर्यंत ठेवू नका. कंपनीच्या रंग-क्रमांकाची टच-अप बाटली आणून, उबदार दिवशी ठिपका अल्कोहोलने पुसून, काडीच्या टोकाने रंग भरा. सीलंट त्यानंतर, रंग पूर्ण वाळल्यावर. क्रमांक बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो.